भट्टीतलं विरजण

शिनचू, ६ मार्च

जिनतु काका,

नमस्कार. फोन केला असता तर तुम्ही "काय? कोण?" असं दोनदा ओरडून तो भावजयीच्या हातात दिला असता, आणि मी अर्धा तास नासपतीच्या बागेची ख्यालीखुशाली ऐकत बसले असते. म्हणून पत्र लिहितेय.

आपला शोधनिबंध छापून आला! सोबत प्रत आहे. पहिल्या पानावर लेखकांची नावं बघा, तिसरं नाव वाचा: ल्याओ जिनतु. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "हे प्राध्यापक ल्याओ कोणत्या विभागाचे?" मी म्हटलं, "भट्टी विभागाचे. जानेवारीत निवृत्त झाले." त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

तुम्ही वितळवलेल्या त्या करड्या बटणांनी, धातूच्या त्या गोल वड्यांनी, काय नाव काढलंय म्हणून सांगू! बाराशे अंशांवर, जिथे विमानाच्या इंजिनातलं निकेल हातपाय गाळून बसतं, तिथे आपला मिश्रधातू ताठ उभा राहिला. तसे उष्णतेत टिकणारे आणखीही आहेत म्हणा. पण ते गार झाले की काचेसारखे फुटतात. आपल्या बटणातून कापलेली पट्टी गार असताना मी केसांच्या आकड्यासारखी वाकवली, तरी तिला चीर गेली नाही. परिषदेत ती पट्टी हातोहात फिरली. एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी ती वाकवून बघितली आणि परत करायलाच तयार होईनात.

सप्टेंबरात माझी समिती बसणार. सहा वर्षांत बढती, नाहीतर नारळ, हा इथला नियम तुम्हाला ठाऊक आहे. या निबंधावर माझी सगळी भिस्त आहे, म्हणजे तुमच्या हातावरच.

आता निवृत्त झालात, आता तरी सांगा. सहा वर्षांत तुमचं एकही बटण तडकलं नाही, याचं गुपित काय?

तुमची,
रुईयुन

दोंगशी, १६ मार्च

रुईयुन पोरी,

प्रत मिळाली. इंग्रजी असल्यामुळे नाव तेवढं वाचलं, आणि भावाने ते गावभर वाचून दाखवलं. मंदिराच्या पारावर आता मला "प्राध्यापक" म्हणतात आणि बुद्धिबळात मुद्दाम हरवतात.

माझ्या कुंडलीत धातू कमी आहे असं ज्योतिष्याने सांगितलं, म्हणून बापाने नावात 'जिन', म्हणजे धातू, घातला. त्याला काय माहीत की पुढे पन्नास वर्षं धातू माझ्या नाकातोंडात जाणार आहे! सव्वीस वर्षं फेंगयुआनला बिडाच्या ओतकामात गेली. तिथे कान गेले. मग चोवीस वर्षं तुमच्या विद्यापीठात. पण खरं सांगतो, तुझ्या या पाच धातूंसारखं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आम्ही शिकलो ते असं की लोखंड मालक, बाकीचे चिमूटभर, मिठासारखे. तू आलीस आणि म्हणालीस, हाफ्नियम, नायोबियम, टँटलम, टायटॅनियम, मोलिब्डेनम, सगळे सारखे, कुणीच मालक नाही. मला वाटलं, पाच जावा एका स्वयंपाकघरात! भांडी फुटणार. पण त्या अशा काही एकमेकींत मिसळल्या की घर बाराशे अंशांवरही पडेना. ते बघायला मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजतो.

गुपित कसलं? सहा वेळा उलटायचं, सहा वेळा वितळवायचं. ते तुझ्या वहीत आहेच.

फळांना कागदी पिशव्या घालायचं काम चालू आहे. पंधरा हजार फळं. मान मोडली.

ल्याओ जिनतु

शिनचू, २० मे

जिनतु काका,

एक वाईट बातमी आहे. बसून वाचा.

जपानहून, सेंदाईहून प्राध्यापक हिरोता यांचं पत्र आलं. त्यांनी निबंधात लिहिल्याबरहुकूम आपला मिश्रधातू बनवला. चार वेळा बनवला, चारही वेळा फुटला. पत्रात त्यांनी तीनदा माफी मागितली आहे, "आमच्याच हातून काही चुकत असावं" म्हणून. इतक्या नम्रपणे कुणी माझा गळा धरला नव्हता.

मी हसले आणि आपल्या भट्टीवर स्वतः बटण वितळवायला बसले. तेच धातू, तीच वजनं, आधी टायटॅनियमची गोळी वितळवली, तिने भट्टीतली उरलीसुरली हवा खाऊन टाकली, मग सहा वेळा उलटलं. गार झालेलं बटण चिमट्यातून निसटून फरशीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. काका, ते नुसतं पडलं होतं! त्यानंतर पाच केली. पाचही फुटली.

वहीतली सगळी वजनं पुन्हा तपासली. भांडारातला टँटलम आणि हाफ्नियमचा साठाही मोजून घेतला, तो बरोबर भरला. आता फक्त तुमचे हात उरले. कृपा करून आठवून लिहा: भट्टीजवळ काय यायचं, काय जायचं, तुमच्या हातून नेमकं काय व्हायचं? बारीकसारीक काहीही सोडू नका. समितीला चार महिने उरलेत, आणि हिरोतांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

रुईयुन

दोंगशी, २७ मे

फान बाई,

पत्र मिळालं.

सहा वेळा उलटायचं, सहा वेळा वितळवायचं. गार पाण्याचा प्रवाह बघून घ्यावा. नळीचं रबर जुनं झालंय, ते बदलावं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही, पण नवख्या हाताला वेळ लागतो.

साठा मोजलात ते बरं केलंत. चोवीस वर्षांत या माणसावर कुणी तशी वेळ आणली नव्हती. "काय यायचं, काय जायचं" हे मला कळतं. मी सहावीपर्यंतच शिकलो असलो तरी अडाणी नाही.

फळं उतरवायला आली आहेत. सवड नाही.

ल्याओ जिनतु

शिनचू, ३ जून

काका,

"फान बाई"? सहा वर्षांत तुम्ही मला पोरी, वेडे, वाऱ्यावरची वरात, काय काय म्हणालात, पण असं आडनावाने बाई कधीच म्हणाला नाहीत. पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन रडले. आज आपल्या शिनचूच्या त्या बारमाही सोसाट्याच्या वाऱ्यानेही डोळे लगेच सुकवले नाहीत.

साठा मी माझ्यावरच्या संशयाने मोजला. वजन करताना मी चुकले असेन, तर तिथे कळलं असतं. तुमच्यावर संशय? यंत्र एक सांगेल आणि तुम्ही वितळत्या धातूचा रंग बघून दुसरं सांगाल, तर मी यंत्र दुरुस्तीला पाठवीन. हे मी तुम्हाला समोर कधी बोलले नाही, ती माझीच चूक.

आता ठरलेलं सांगते. तीस जूनला मी निबंध मागे घेणार. जे दुसऱ्या कुणाला करता येत नाही आणि मला स्वतःलाही करता येत नाही, ते खरं आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात लिहिलंय की सगळं काम माझ्या हुकमाने झालं आणि दोष माझा एकटीचा. तुमच्या नावाला डाग लागणार नाही. सप्टेंबरात काय होईल ते उघडच आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

तेवढं एक करा, पुन्हा पोरी म्हणा.

रुईयुन

दोंगशी, ११ जून

पोरी,

तो मसुदा फाडून टाक. निदान हे पत्र वाचेपर्यंत थांब.

मी रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. तू साठा मोजलास हे वाचलं आणि मी आधी खोलीचं दार लावून घेतलं. कारण एक तुकडा खरोखरच माझ्या खिशातून इथे आला आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सगळं सांगतो. फेंगयुआनला माझे गुरू होते, वू मास्तर. ते कधीही नुसत्या नव्या धातूचा रस करत नसत. प्रत्येक ओतकामातून एक तुकडा बाजूला काढायचे आणि पुढच्या रसात घालायचे. माझी आई वाफेच्या पावांसाठी कालच्या पिठाचा गोळा राखून ठेवायची, अगदी तसंच विरजण. "जुना धातू नव्याला घरची रीत शिकवतो," असं मास्तर म्हणायचे. आणि तो तुकडा आधी गॅसच्या ज्योतीवर उघड्या हवेत तापवायचा. त्यावर निळा-काळा पापुद्रा धरला की ओल गेली असं समजायचं, मगच रसात टाकायचा. ओला तुकडा रसात पडला तर भट्टी उसळते. मी एका माणसाचा डोळा तसा गेलेला पाहिला आहे.

तुझ्या भट्टीत मी सहा वर्षं तेच केलं. तू सकाळी वर्गावर गेलीस की मागच्या बटणाचा दहावा भाग ज्योतीवर तापवून आत टाकायचा, आणि नवं बटण झालं की तेवढाच तुकडा कापून पुढच्यासाठी ठेवायचा. त्यामुळे वजन नेहमी बरोबर भरायचं. धातू तेच पाच, तेही बरोबर. कुणाला कळणार?

तुला का सांगितलं नाही? तू नवीन आलीस त्या महिन्यात मी एकदा सुरुवात केली होती. म्हटलं, "मास्तर म्हणायचे की जुना तुकडा..." तू वहीतून मान वर न काढता म्हणालीस, "काका, हे ओतकाम नाही, विज्ञान आहे. इथे फक्त शुद्ध धातू." आणि हसलीस. वाईट मनाने हसली नव्हतीस. पण त्यानंतर मला धीर झाला नाही, आणि सवयही सोडता आली नाही.

निघताना शेवटचा तुकडा तिथेच फेकायला हवा होता. जीव झाला नाही, खिशात घातला. तो सोबत पाठवतो आहे, फळांच्या कागदी पिशवीत गुंडाळून. विद्यापीठाची वस्तू विद्यापीठाला परत.

तुझ्या शुद्ध धातूत मीच भेसळ केली, पोरी. तुझं काम मीच नासवलं. यादीतून माझं नाव काढ, आणि माझी चूक माझ्या नावावर लिही.

जिनतु

शिनचू, ९ जुलै

काका,

तुमचं पाकीट फोडलं आणि तो तुकडा हातात घेऊन मी भर दुपारी खुर्चीत तशीच बसून राहिले. त्यानंतरचे तीन आठवडे मी घरी फक्त झोपायला गेले.

तुकडा ज्योतीवर तापवला. तुम्ही लिहिलंत तसा निळा-काळा पापुद्रा आला. नव्या धातूंसोबत आत टाकला, सहा वेळा उलटून वितळवलं. बटण गार झालं, पट्टी कापली आणि श्वास रोखून वाकवली. वाकली, काका! मी किंचाळले. शेजारच्या प्रयोगशाळेतून लोक धावत आले, त्यांना वाटलं भाजलं कुणाला.

आता कारण ऐका. तो पापुद्रा म्हणजे हवेतला ऑक्सिजन. उघड्या हवेत तापवला की तो तुकडा ऑक्सिजन पितो आणि रसात नेऊन सोडतो. आम्ही सगळे शहाणे लोक ऑक्सिजनला विष समजतो. तो आत शिरू नये म्हणून तर एवढा आटापिटा करतो. धातू ठिसूळ होतो असं पुस्तकं सांगतात, आणि बहुतेक वेळा होतोही. पण आपल्या या पाच जणांच्या घरात थोडासा, अगदी मोजका ऑक्सिजन टायटॅनियम आणि हाफ्नियमच्या मध्ये जाऊन बसतो. मग ताण आला की तो एका जागी साठून चीर पडत नाही, सगळीकडे वाटला जातो. थोडा जास्त झाला की घात, अजिबात नसला तरी घात. तुमचा दहावा भाग आणि तुमचा तो निळा-काळा रंग, नेमकं तेवढंच माप! वू मास्तरांनी ते बिडासाठी ठरवलं होतं आणि ते इथे असं फळलं. मी थक्क झाले आहे.

आता माझी कबुली. गेल्या वर्षी तुमच्या एका बटणात मी ऑक्सिजन मोजला होता. आकडा अपेक्षेच्या आठपट आला. मी काय केलं? यंत्र चुकलं म्हणून तो खोडला. धातू एवढा चांगला आहे, म्हणजे त्यात एवढा ऑक्सिजन असूच शकत नाही, असं मी ठरवून टाकलं. तुम्ही एक तुकडा लपवलात, मी एक आकडा खोडला. कामाची नासाडी कुणी केली ते तुम्हीच ठरवा.

आणि तो महिना मला आठवतो. ते वाक्यही आठवतं. हसल्याचं मात्र आठवत नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

निबंध मागे घ्यायचा मसुदा फाडला, आणि हिरोतांना सगळं कळवलं आहे. समितीलाही सगळंच सांगणार.

रुईयुन

दोंगशी, १५ जुलै

पोरी,

पट्टी वाकली हे वाचून मी भावाला मिठी मारली. तो टोपलीसकट पडला.

पण समितीला सगळं सांगू नकोस. ती मोठी माणसं आहेत, शिडी धरून वर चढलेली. भट्टीवाल्या म्हाताऱ्याने तुझ्या नकळत भेसळ केली, तू ती शोधून काढलीस, इतकंच सांग. ते खोटंही नाही. माझं काय जातंय? मला आता कुणी बढती देणार नाही की नारळ देणार नाही. तू अजून चाळिशीचीही नाहीस. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस.

जिनतु

शिनचू, १९ सप्टेंबर

काका,

काल समिती झाली. पाच जण होते, तुमच्या पाच जावांसारखे, पण मिसळलेले नव्हते.

मी सगळं सांगितलं: तुकडा, ज्योत, खोडलेला आकडा. सेंदाईचं पत्रही ठेवलं. त्यांनी जुन्या तुकड्याशिवाय, फक्त ऑक्सिजन मोजून घालून पाच बटणं केली आणि पाचही वाकली. हिरोतांनी लिहिलंय की त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात इतकं सुंदर काही त्यांनी पाहिलं नाही. या वेळी माफी एकदाच मागितली आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे सहा वर्षं तुमच्याच प्रयोगशाळेत काय चाललंय हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

तुमचा सल्ला माझ्या जिभेवर आला होता. "तो म्हातारा" एवढे दोन शब्द बोलले असते तरी सुटले असते. मी म्हटलं, "नाही, माहीत नव्हतं. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगायचा प्रयत्न केला होता. मी ऐकलं नाही."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. निर्णय आज आला. बढती नाही. नारळही नाही. दोन वर्षांची मुदत वाढवून दिली आहे, आणि वहीत प्रत्येक गोष्ट लिहिली जाते की नाही यावर देखरेख राहील. एका सदस्याने बाहेर पडताना हळूच विचारलं, तो निळा-काळा रंग नेमका कसा ओळखायचा. मी म्हटलं, ते मलाही अजून नीट येत नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे काय, लोणचं मुरायलाच लागतात."

जुन्या निबंधाची दुरुस्ती छापली जाईल. आणि ऑक्सिजनचा नवा निबंध तयार आहे, सोबत पाठवतेय. त्यात रीत जशीच्या तशी लिहिली आहे, वू मास्तरांचं नाव घालून. लेखकांत पहिलं नाव तुमचं आहे. शेवटचं माझं. यावर वाद घालायचा नाही, छपाईला गेलंय.

रुईयुन

दोंगशी, २७ सप्टेंबर

पोरी,

वाद घालत नाही. चार दिवस घालायचा विचार केला, मग सोडून दिला.

तू त्या मोठ्या माणसांसमोर जे बोललीस ते भावजयीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी ऐकू आलं नाही असं सांगून तिला पुन्हा वाचायला लावलं. पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

माझ्या तुकड्याची आता कुणाला गरज उरली नाही, मोजून घातलं की झालं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जास्त नवल वाटलं. मास्तर जे डोळ्याने करायचे आणि मी जे नुसतं सवयीने करत राहिलो, त्याच्या आत काय आहे ते तू शोधलंस. आता ते सेंदाईलाही जमतं, उद्या कुणालाही जमेल. मास्तर असते तर त्यांनी आधी मला शिवी घातली असती आणि मग तुझ्यासाठी दारू मागवली असती.

आता माझी अडचण ऐक. निबंधावर पहिलं नाव माझं आहे, म्हणजे तो मला कळायला हवा. पुतण्याकडून आमच्या भाषेत करून घेतला. तीन दिवस झाले, पहिल्याच पानावर अडकलो आहे. अणूंच्या मध्ये ऑक्सिजन बसतो म्हणजे नेमका कुठे बसतो? आणि दोनच्या जागी तीन बसले तर घर का पडतं?

सोमवारी सकाळच्या गाडीने शिनचूला येतो. सगळं पहिल्यापासून समजावून सांग. माझे प्रश्न खुळ्यासारखे असतील. हसू आलं तर खुशाल हस, मी विचारायचं थांबणार नाही.

जिनतु